कोळशाच्या खासगी वॅगनी: मॉडेलवरचा रंग आणि अक्षरं खरी कशी शोधायची

ब्रिटिश मॉडेल रेल्वेकडे वळलेला माणूस आधी इंजिनाच्या प्रेमात पडतो आणि मग त्याची नजर मागच्या कोळशाच्या वॅगनींवर जाते. तांबड्या, काळ्या, करड्या, चॉकलेटी, आणि प्रत्येकीवर कुणा ना कुणा व्यापाऱ्याचं किंवा खाणीचं ठसठशीत नाव. या वॅगनी रेल्वे कंपन्यांच्या नव्हत्या. रूळ आणि इंजिनं कंपन्यांची, पण कोळसा वाहणारे डबे मोठ्या प्रमाणावर खाणमालकांचे, घाऊक दलालांचे, गॅस कारखान्यांचे आणि गावोगावच्या कोळसा व्यापाऱ्यांचे स्वतःचे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने त्या ताब्यात घेतल्या आणि १ जानेवारी १९४८ ला रेल्वेबरोबर त्यांचंही राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा त्यांची संख्या पाच लाखांच्या वर होती.

एवढ्या पसाऱ्यातली एक वॅगन आपल्या टेबलावर खरी उतरवायची, तर कामाची सुरुवात रंगाच्या डबीपासून करू नका. लिव्हरी, म्हणजे वॅगनीवरचा रंग आणि अक्षरांची पद्धत, शोधायची म्हणजे चार प्रश्नांची उत्तरं शोधायची: वॅगन कोणाची, कितव्या नंबरची, कोणत्या वर्षातली आणि कोणत्या बांधणीची. चारही उत्तरं एकमेकांशी जुळली तरच रंगाला अर्थ आहे. नाव खरं, रंग खरा, पण डबा वीस वर्षांनी नंतरचा, असं दुकानात मिळणाऱ्या मॉडेलांत सर्रास दिसतं, आणि नवख्याला ते ओळखता येत नाही.

आधी वर्ष आणि ठिकाण ठरवा

कागदावर एक ओळ लिहा: अमुक भागातलं छोटं स्टेशन, अमुक साल. "स्टीमचा काळ" एवढं पुरत नाही. १९२३ च्या आधी ब्रिटनमध्ये शंभराहून अधिक रेल्वे कंपन्या होत्या. त्या वर्षी त्यांच्या चार मोठ्या कंपन्या झाल्या. १९२३ ते १९३९ हा खासगी वॅगनींचा सगळ्यात रंगीत आणि सगळ्यात जास्त पुरावे असलेला काळ, त्यामुळे नवख्याने इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

१९३९ नंतरचं चित्र वेगळं आहे. सगळ्या वॅगनी एका सामाईक ताफ्यात गेल्या, कोणतीही वॅगन कुठेही दिसू लागली, आणि नव्याने रंगवायला कोणाला वेळ नव्हता. फुटलेल्या फळीच्या जागी कोरी फळी बसायची, तिच्यावरचं अर्ध अक्षर कायमचं जायचं. १९४८ नंतर नंबरापुढे इंग्रजी 'पी' हे अक्षर लागलं. नंबरासाठी कोपऱ्यात काळा चौकोन, बाकी जुनं नाव विटत चाललेलं, असं ते रूप. १९५० च्या दशकातली गाडी बनवत असाल आणि तिच्यात चकचकीत नव्या नावांच्या वॅगनी जोडत असाल, तर एकेका वॅगनीची लिव्हरी कितीही अचूक असो, गाडी खोटीच दिसेल.

तेलाच्या टाक्या आणि काही खास कामाच्या वॅगनी मात्र राष्ट्रीयीकरणातून वगळल्या होत्या, म्हणून त्या १९४८ नंतरही खासगी रंगात फिरल्या. त्यांचा अभ्यास निराळा करावा लागतो.

तिथे कोणाच्या वॅगनी येत होत्या?

हा प्रश्न बहुतेक जण सोडून देतात. तीस वॅगनींची गाडी आणि तीस वेगवेगळी नावं, असं मांडणीवर, म्हणजे टेबलावरच्या मॉडेल रेल्वेवर, छान दिसतं, पण खऱ्या यार्डात तसं नसे. मोठ्या खाणीकडे हजारो वॅगनी असत, गावच्या व्यापाऱ्याकडे एखाद-दोन, फार तर दहाबारा. म्हणजे खाणीतून बंदराकडे जाणारी गाडी जवळपास एकाच नावाची. वेल्समधल्या ओशन या कोळसा कंपनीच्या काळ्या वॅगनींवर पांढऱ्या अक्षरांत फक्त कंपनीचं नाव मोठं लिहिलेलं असे, आणि अशा एकसारख्या वॅगनींच्या रांगा बॅरीच्या गोदीकडे जात. याउलट खेड्यातल्या स्टेशनच्या सायडिंगवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, दोन-तीन खाणींच्या वॅगनी, एखाद्या दलालाची, आणि स्थानिक व्यापाऱ्याची स्वतःची एक.

व्यापाऱ्याची वॅगन रिकामी खाणीवर जाई आणि भरून त्याच्याच स्टेशनवर परत येई. तिची फेरी ठरलेली असल्यामुळे ती दुसऱ्या टोकाच्या शाखामार्गावर दिसायचं कारणच नाही. डेव्हनमधल्या व्यापाऱ्याची वॅगन स्कॉटलंडमधल्या मांडणीवर कितीही सुंदर दिसली तरी ती तिथली नव्हे. प्रदेशाप्रमाणेही फरक पडतो: ईशान्य इंग्लंडमध्ये नॉर्थ ईस्टर्न रेल्वे कोळसा मुख्यतः स्वतःच्याच हॉपर, म्हणजे तळातून रिकाम्या होणाऱ्या, वॅगनींतून वाहत असे. डरहॅमची मांडणी खासगी वॅगनींनी भरली की जाणकाराला तिथेच खटकतं.

तुमच्या स्टेशनवर कोण व्यापार करत होतं हे घरबसल्या शोधता येतं, आणि पुणे किंवा नाशिकमध्ये बसून हे काम लंडनमध्ये बसल्याइतकंच चांगलं होतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे जुने मोठ्या प्रमाणाचे नकाशे मोफत आहेत, इंग्लंड आणि वेल्सचेही. त्यात कोळशाचं यार्ड, सायडिंग, खाण, गॅस कारखाना सगळं दिसतं. त्यानंतर व्यापाऱ्यांच्या जुन्या डिरेक्टऱ्या उघडा. केलीज या नावाने निघणाऱ्या डिरेक्टऱ्या सर्वांत उपयोगी. लेस्टर विद्यापीठाने अशा शेकडो डिरेक्टऱ्या स्कॅन करून खुल्या ठेवल्या आहेत. गावाच्या नोंदीत "कोळसा व्यापारी, रेल्वे स्टेशन" असा पत्ता सापडला की तो तुमचा माणूस. वेल्सचं काम असेल तर वेल्श वर्तमानपत्रांचा खुला संग्रह आहे. त्यात व्यापाऱ्यांच्या जाहिराती, दिवाळखोरीच्या बातम्या, भागीदारी मोडल्याच्या सूचना मिळतात. खाणींची मालकी आणि साल पाहायला डरहॅम मायनिंग म्युझियमचं संकेतस्थळ चांगलं आहे, आणि त्यात फक्त डरहॅमच्या खाणी नाहीत.

फोटो कुठे असतात

वॅगन बांधणारे कारखाने नवी वॅगन बाहेर पडताना तिचा फोटो काढून ठेवत. आपल्या विषयाचा कणा हाच. ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनी, वेकफील्डजवळच्या हॉर्बरी जंक्शनची चार्ल्स रॉबर्ट्स, मदरवेलची हर्स्ट नेल्सन ही त्यातली मोठी नावं. ग्लॉस्टरच्या कारखान्याचे कागद आणि फोटो ग्लॉस्टरशायरच्या दप्तरखान्यात आहेत. १९५० साली स्थापन झालेली हिस्टॉरिकल मॉडेल रेल्वे सोसायटी डर्बीशायरमधल्या बटरली इथे अभ्यास केंद्र चालवते आणि तिच्याकडे वॅगनींच्या फोटोंचा मोठा साठा आहे. यॉर्कचं नॅशनल रेल्वे म्युझियम आणि लंडनमध्ये क्यू इथलं नॅशनल आर्काइव्हज हे पुढचे थांबे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी क्यूला एक दिवस काढून जावंच. वाचक म्हणून नाव नोंदवलं की मूळ कागद हातात मिळतात.

कारखान्याचा फोटो वॅगनीचा पहिला दिवस दाखवतो, नंतरची वर्षं तो दाखवू शकत नाही. त्यासाठी स्टेशनांचे, गोदींचे, अपघातांचे फोटो पाहावे लागतात. एरोफिल्म्स या कंपनीने आकाशातून काढलेल्या फोटोंचा 'ब्रिटन फ्रॉम अबव्ह' हा संग्रह इथे फार उपयोगी पडतो. १९२० आणि १९३० च्या दशकांतली मालयार्डं त्यात वरून दिसतात; अक्षरं वाचता येतीलच असं नाही, पण गडद वॅगनी किती, फिक्या किती, झाकलेल्या किती, हे प्रमाण डोळ्यांत बसतं. अपघातांच्या सरकारी चौकशीचे जुने अहवालही ऑनलाइन आहेत आणि काहींत वॅगन कोणाची होती ते नावानिशी येतं.

फोटो वाचायचा कसा

इथे घाई करू नका. फोटो पूर्ण आकारात उघडा आणि नावाकडे न बघता आधी खाली बघा.

सोलबारवर, म्हणजे वॅगनीच्या बाजूच्या खालच्या लांब तुळईवर, लोखंडी ओतीव पाट्या ठोकलेल्या असतात. त्यातली एक नोंदणीची. रेल्वेच्या रुळावर चालण्याआधी प्रत्येक खासगी वॅगन एखाद्या रेल्वे कंपनीकडे नोंदवावी लागे. पाटीवर त्या कंपनीचं नाव किंवा आद्याक्षरं, नोंदणी क्रमांक आणि साल असतं. मिडलँड रेल्वेची पाटी दिसली तर वॅगनीची नोंदणी १९२३ च्या आधीची, कारण त्या वर्षी ती कंपनी चार मोठ्या कंपन्यांपैकी एलएमएसमध्ये (लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश) विलीन झाली. फोटोवर तारीख नसली तरी अशी काळाची एक कड हाती लागते. बाकीच्या पाट्या बांधणाऱ्याच्या, दुरुस्ती करणाऱ्याच्या किंवा भाड्याने देणाऱ्याच्या असतात. बरेच छोटे व्यापारी वॅगन हप्त्याने किंवा भाड्याने घेत, आणि त्याचा मागही इथेच लागतो.

मग खालच्या फळ्यांवरची बारीक अक्षरं. एका बाजूला भार, उदाहरणार्थ १२ टन. दुसरीकडे रिकाम्या वॅगनीचं वजन, तीन आकड्यांत: टन, हंड्रेडवेट (टनाचा विसावा भाग), क्वार्टर (हंड्रेडवेटचा चौथा भाग). आणि "रिकामी अमुक खाणीकडे पाठवा" अशी सूचना. ही सूचना म्हणजे सोनं आहे. कोळसा कुठून येत होता हे ती थेट सांगते, आणि मग त्याच खाणीच्या आणखी दोन वॅगनी तुमच्या यार्डात ठेवायला आधार मिळतो.

बाजूवर तिरकी पांढरी पट्टी असेल तर वॅगनीच्या एका टोकाला दार आहे. पट्टीचं वरचं टोक त्या दाराकडे जातं. गोदीवर वॅगन उचलून, वाकवून कोळसा जहाजात ओतायचा तर असं दार लागे. दार एकाच टोकाला असल्यामुळे एका बाजूने पाहिलं तर पट्टी डावीकडे चढते आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर उजवीकडे. दोन्ही बाजूंना एकच ट्रान्सफर (मॉडेलवर चिकटवायची छापील अक्षरं) तसाच चिकटवला की एक बाजू हमखास चुकते.

आता रंग. जुने फोटो बहुतांश ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर काढलेले आहेत. त्या काचेला तांबडा रंग दिसत नसे, आणि निळा गरजेपेक्षा जास्त दिसे. म्हणून गेरूसारख्या तांबड्या रंगाची वॅगन फोटोत जवळजवळ काळी येते आणि निळी फिकट येते. सगळे रंग नीट पकडणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६ पासून विकत मिळू लागल्या, तरी जुन्या काचा नंतरही बराच काळ वापरात राहिल्या. तेव्हा "फोटोत काळी दिसते म्हणून काळी" हा निष्कर्ष कधीही काढू नका.

त्याऐवजी एकाच फोटोतल्या दोन गोष्टींची तुलना करा. कोपऱ्यातल्या लोखंडी पट्ट्या बहुधा काळ्या असत. त्या फळ्यांपेक्षा जराही गडद दिसत असतील तर फळ्या काळ्या नाहीत. त्याहून चांगली खूण म्हणजे अक्षरांची सावली. पेंटर पांढऱ्या अक्षराला एका बाजूने आणि खालून दुसऱ्या रंगाची कड देत असे. ही कड फळीपेक्षा गडद आणि स्पष्ट दिसत असेल, तर कड काळी आणि वॅगन दुसऱ्या कुठल्या तरी रंगाची, तांबडी किंवा चॉकलेटी असू शकते. वॅगन काळी आणि कड तांबडी असेल तर त्या काचेवर दोन्ही गडदच येतात आणि कड शोधावी लागते. कड अक्षराच्या डावीकडे आहे की उजवीकडे हेही टिपून ठेवा. बांधणाऱ्या कारखान्याप्रमाणे ते बदलतं.

चाकांच्या कडा पांढऱ्या दिसल्या तर ती सजावट बहुधा फोटोपुरती होती. पहिल्याच आठवड्यात त्या काळ्या पडत. मॉडेलवर त्या रंगवू नका.

आणि एक विनंती: जुन्या फोटोला संगणकाकडून रंग भरून घेऊन तो पुरावा म्हणून वापरू नका. तो प्रोग्राम गडद करड्याचा तांबडा की काळा हे अंदाजाने ठरवतो, आणि नेमका तोच प्रश्न आपल्याला सोडवायचा आहे.

डबा बरोबर आहे का

रेल्वे क्लिअरिंग हाऊस या संस्थेने खासगी वॅगनींसाठी प्रमाण आराखडे ठरवून दिले: १८८७, १९०७ आणि १९२३ चे महत्त्वाचे. बाजारात मिळणारी बहुतेक सात फळ्यांची मॉडेलं १९२३ च्या आराखड्यावर बेतलेली असतात. त्याची लांबी १६ फूट ६ इंच, चाकांच्या अक्षांमधलं अंतर ९ फूट, भार १२ टन, आणि अॅक्सलबॉक्स, म्हणजे चाकांच्या अक्षाची टोकं ज्यात फिरतात त्या पेट्या, तेलाचे. त्याआधीच्या वॅगनींत ग्रीसचे अॅक्सलबॉक्स सर्वसाधारण. फोटोतली वॅगन पाच फळ्यांची आणि ग्रीसच्या अॅक्सलबॉक्सची असेल, तर तिचं नाव १९२३ च्या सात फळ्यांच्या डब्यावर चढवणं म्हणजे दुसऱ्याच वॅगनीला तिचे कपडे घालणं.

प्रमाणाचीही काळजी घ्या. ब्रिटिश ओओ मॉडेल १:७६ चं, तर युरोपीय आणि अमेरिकन एचओ १:८७ चं, दोन्ही १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळावर चालतात म्हणून गोंधळ होतो. ओओमध्ये एक फूट म्हणजे ४ मिलिमीटर. १६ फूट ६ इंचांची वॅगन ६६ मिलिमीटर होते आणि ९ फुटांचा अक्षांतर ३६ मिलिमीटर. वॅगन समोरून सरळ टिपलेली असेल तर फोटो ६६ मिलिमीटर रुंदीला छापा आणि अक्षरांची मापं पट्टीने थेट घ्या. तिरक्या फोटोत फळ्यांच्या रेषा मदतीला येतात: अक्षर कोणत्या फळीच्या कडेपासून कोणत्या फळीपर्यंत जातं ते मोजा, म्हणजे उंची चुकत नाही. अक्षरांमधलं अंतर दाराच्या बिजागऱ्यांवरून धरा.

रंगाचं नाव आणि रंग

कागदपत्रांत रंगांची नावं मिळतात: लेड कलर (शिशासारखा करडा), रेड ऑक्साइड (गेरूसारखा तांबडा), चॉकलेट, पर्पल ब्राउन (जांभळट तपकिरी). हे आजच्या शेडकार्डावरचे क्रमांक नाहीत. रंग जवसाच्या तेलात भुकटी घोटून तयार होत आणि प्रत्येक घोटणीत थोडा फरक पडे. म्हणून "नेमका कोणता तांबडा" यावर फार रक्त आटवू नका. तांबडा, करडा की काळा हे बरोबर असलं पाहिजे; छटा तुमच्या नजरेवर सोडा, फक्त जरा मळकी ठेवा. पांढऱ्या रंगात शिसं असे आणि कोळशाच्या धुरातल्या गंधकाने ते काळवंडे, म्हणून कामातल्या वॅगनीची पांढरी अक्षरं शुभ्र कधीच नसत. आतल्या बाजूच्या फळ्या बिनरंगाच्या, कोळशाने काळ्या झालेल्या.

जतन करून ठेवलेल्या वॅगनी पाहायला मिळाल्या तर बांधणीसाठी जरूर पाहा, खिळे आणि बिजागऱ्यांसकट फोटो घ्या. पण त्यांच्यावरचा रंग पुरावा मानू नका. अशा अनेक वॅगनी एखाद्या कारखान्याच्या आवारातून वाचवलेल्या असतात आणि नंतर त्यांना वेगळंच नाव दिलेलं असतं.

कंपनीचा इतिहास ताडून पाहा

नावातला एक शब्द तारीख सांगून जातो. "आणि मुलगे", "लिमिटेड", खाणींच्या विलीनीकरणानंतरचं नवं नाव, या सगळ्याला साल असतं. पॉवेल डफ्रिन ही वेल्समधली बलाढ्य कंपनी १९३५ मध्ये वेल्श असोसिएटेड कॉलियरीज या दुसऱ्या समूहाबरोबर एकत्र आली. १९३० च्या मांडणीवर नव्या संयुक्त कंपनीच्या नावाची वॅगन ठेवली तर ती पाच वर्षं लवकर आली. उलट मात्र चालतं: जुन्या नावाच्या वॅगनी नव्याने रंगवेपर्यंत तशाच धावत, त्यामुळे विलीनीकरणानंतरही काही वर्षं जुनं नाव दाखवायला हरकत नाही.

बंद पडलेल्या कंपन्यांच्या फाइली नॅशनल आर्काइव्हजमध्ये बीटी ३१ या क्रमांकाखाली आहेत. सगळ्या कंपन्यांच्या सगळ्या फाइली उरलेल्या नाहीत, पण सापडली तर स्थापना आणि अखेर दोन्ही कळतात. कंपनी बुडाल्याच्या किंवा भागीदारी मोडल्याच्या सूचना लंडन गॅझेटमध्ये येत. त्याचे जुने अंक ऑनलाइन शोधता येतात.

तयार मॉडेल घेताना खोक्यावर लिहिलेलं पुरावा धरू नका. दुकानं आणि क्लब स्वतःच्या नावाने मर्यादित संख्येत वॅगनी काढून घेतात, त्यातल्या काही पूर्ण काल्पनिक असतात आणि काही खऱ्या नावाच्या पण चुकीच्या डब्यावरच्या. उत्पादकाने फोटोचा आधार दिला असेल तर तो फोटो स्वतः शोधून पाहा.

अक्षरं स्वतः करायची तर एक अडचण आधीच लक्षात घ्या: घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही. बारीक पांढऱ्या मजकुरासाठी तयार ट्रान्सफर मागवावे लागतात किंवा पांढऱ्या टोनरची सोय असलेल्या छपाईवाल्याकडे जावं लागतं. मोठी अक्षरं मात्र घरी होतात. बाजू आधी पांढरी रंगवा, अक्षरांच्या आकाराचं व्हिनाइल कापून चिकटवा, वरून वॅगनीचा रंग मारा आणि रंग पुरता कडक व्हायच्या आत व्हिनाइल सोलून काढा.

प्रत्येक वॅगनीसाठी एक पान ठेवा. नाव, नंबर, साल, बांधणी, फोटो कुठला आणि त्याचा संग्रहातला क्रमांक, रंग कशावरून ठरवला. शेवटच्या रकान्यात "कागदावरून", "फोटोवरून अंदाज" किंवा "माहीत नाही" यांपैकी एक स्पष्ट लिहा. दप्तरखान्याला किंवा सोसायटीला ईमेल करताना हेच पान कामी येतं. "अमुक व्यापाऱ्याची काही माहिती आहे का?" असं विचारलंत तर उत्तर मोघम येईल. व्यापाऱ्याचं नाव, स्टेशन, अंदाजे वर्षं, वॅगनीचा नंबर आणि बांधणारा कारखाना लिहून "या वॅगनीचा फोटो किंवा ऑर्डरची नोंद तुमच्या यादीत कोणत्या क्रमांकाखाली आहे?" असं विचारा. प्रतीचं शुल्क आणि फोटो प्रसिद्ध करायची परवानगी या दोन्ही गोष्टी त्याच पत्रात विचारून घ्या, म्हणजे पुढे मॉडेलबरोबर मूळ फोटोही इतरांना दाखवता येतो.